अकरा वायरी आणि एक पाऊण इंची पाइप

गेल्या मे महिन्यात अकोल्यातील एका दुमजली घरी मला बोलावणे आले. बेडरूममधील एसी सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, पडत असे. एसी तपासून झाला होता आणि त्यात दोष नव्हता. डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वीज-पेटीपासून, बेडरूमच्या जंक्शन बॉक्सपर्यंत स्लॅबमधून गेलेला पाइप २० मिमीचा, म्हणजे आपल्या बोलण्यातला पाऊण इंची होता. त्यात एसीच्या चारच्या (म्हणजे चार चौरस मिमी तांब्याच्या) तीन वायरी, गीझरच्या अडीचच्या तीन आणि दिवे-पंख्यांच्या दीडच्या पाच, अशा एकूण अकरा वायरी होत्या. दीडच्या पाचांपैकी दोन इन्व्हर्टर बसवताना नंतर ओढलेल्या होत्या.

एसीची फेज तेवढी बदलावी म्हणून ती एकटी ओढून पाहिली, पण ती जागची हलली नाही. शेवटी सगळ्या वायरी एकत्र ओढून काढाव्या लागल्या. फेजच्या त्या लाल वायरीवरचे आवरण बेंडच्या, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या, जागी नखाएवढ्या लांबीत खरवडले गेले होते आणि उघडे पडलेले तांबे काळवंडले होते. तिला घासून असलेल्या अर्थिंगच्या हिरव्या वायरीवर त्याच ठिकाणी चपटा, गुळगुळीत चट्टा उमटला होता. आवरणाची ही जखम एसी चालवल्याने झालेली नव्हती. इन्व्हर्टरची जोडी भरलेल्या पाइपात जोर लावून ओढली, त्या दिवशीच ती झाली असावी, असे माझे मत आहे.

‘पाइपात वायरी बसल्या ना?’ हा प्रश्न साइटवर सर्रास विचारला जातो. माझ्या मते प्रश्न असा हवा की, पाइपातील कोणतीही एक वायर बाकीच्यांना इजा न करता पुन्हा बाहेर निघेल का? बाहेरून मोकळा दिसणारा पाइप बेंडमध्ये मोकळा नसतो, कारण तिथे ओढल्या जाणाऱ्या सगळ्या वायरी आतल्या वळणाकडे दाबल्या जातात आणि एकमेकींवर घासतात. म्हणूनच तीन किंवा अधिक वायरी असतील, तर त्यांनी पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये, असा अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील नियम आहे. आपल्याकडील तक्त्यांत वायरींची संख्याच थेट दिलेली असते आणि तिथे सरळ पाइप व वळणाचा पाइप असे दोन वेगळे रकाने असतात. दोन बॉक्समधील अंतर ४.२५ मीटरपर्यंत असेल आणि पाइप सरळ रेषेपासून १५ अंशांहून अधिक वळत नसेल, तरच सरळचा रकाना वापरायचा. घरातील जवळपास प्रत्येक पाइप स्लॅबमधून भिंतीत उतरताना काटकोनात वळतो. त्यामुळे घरासाठी वळणाचाच रकाना पाहावा लागतो, आणि नेमकी तिथेच गल्लत होते.

तक्ता हाताशी नसेल, तर हिशोब कागदाच्या कपट्यावर होतो. वायर आणि पाइप दोन्ही गोल असल्याने क्षेत्रफळ काढण्याचीही गरज पडत नाही. व्यासांचे वर्ग पुरतात. मध्यम जाडीच्या २० मिमी पीव्हीसी पाइपाचा आतला व्यास सुमारे १७ मिमी असतो. त्याचा वर्ग २८९ आणि त्याचे ४० टक्के साधारण ११५. आवरणासह दीडची वायर सुमारे ३ मिमी, अडीचची ३.६ आणि चारची ४.२ मिमी जाडीची भरते, म्हणजे वर्ग अनुक्रमे ९, १३ आणि १७.६. कंपनीनुसार यात थोडा फरक पडतो, म्हणून जाडी कॅलिपरने मोजून घेणे उत्तम. अकोल्याच्या त्या पाइपात चारच्या तीन वायरींचे ५३, अडीचच्या तीनांचे ३९ आणि दीडच्या पाचांचे ४५, असे १३७ भरले, म्हणजे सुमारे ४७ टक्के. इन्व्हर्टरची जोडी वगळली तर ११९ राहतात. म्हणजे ती ओढण्यापूर्वीही पाइपात जागा उरलेली नव्हती. अर्थिंगच्या वायरीतून एरवी प्रवाह जात नसला, तरी ती जागा व्यापते, म्हणून या हिशोबात तिला धरलेच पाहिजे.

हेच काम २५ मिमी पाइपात केले असते, तर आतला व्यास सुमारे २१.४ मिमी, त्याचा वर्ग ४५८ आणि भरण ३० टक्के झाले असते. ओढण्याच्या दृष्टीने हे उत्तम आहे. मात्र मोठा पाइप टाकला की सगळे प्रश्न मिटले, असे समजणे मला धोक्याचे वाटते, कारण एका पाइपातील वायरी एकमेकींना तापवतात आणि हा ताप पाइप एका नंबराने मोठा केल्याने फारसा उतरत नाही. भिंतीतील पाइपात एकट्याच असलेल्या सर्किटसाठी चारची तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंश तापमानाला ३२ अँपिअर पेलते. पाइपात दोन सर्किट असतील, तर या आकड्याला ०.८० ने आणि तीन असतील, तर ०.७० ने गुणावे लागते. एलईडी दिव्यांसारखे अगदी कमी भाराचे सर्किट मोजणीतून वगळता येते, म्हणून इथे एसी आणि गीझर ही दोनच धरू. त्यातून अकोल्याच्या मे महिन्यातील ४५ अंशांसाठी ०.७९ ने आणखी गुणले की ३२ चे २० अँपिअर उरतात. त्या लाइनवर एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, होता २५ अँपिअरचा. ज्याने वायरीचे रक्षण करायचे, तोच वायरीच्या कुवतीहून अधिक प्रवाह बिनदिक्कत जाऊ देणार होता.

मोठ्या वायरींत आणखी एक अडचण येते. मेनसाठी सोळाच्या तीन सारख्या वायरी २५ मिमी पाइपात टाकल्या, तर भरण ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नियमात बसते. तरीही वायरी बेंडमध्ये अडकून बसू शकतात. पाइपाचा आतला व्यास एका वायरीच्या जाडीच्या २.८ ते ३.२ पट असला, की वळणावर तिन्ही वायरी एका ओळीत येऊन पाचरीसारख्या घट्ट बसतात. सोळाची वायर सात ते साडेसात मिमीची असल्याने हे गुणोत्तर नेमके याच पट्ट्यात येते. इथे मी विचार न करता ३२ मिमीचा पाइप टाकतो.

बेंड हाताने वाकवताना आत स्प्रिंग घालणे, वळणाची त्रिज्या ७५ मिमीच्या खाली न नेणे आणि दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनी वळणे दोनांवर जाऊ न देणे, या गोष्टी मी स्लॅब भरण्यापूर्वी स्वतः उभा राहून पाहतो. त्या अमेरिकी कोडमध्ये चार वळणांपर्यंत सूट आहे. पण मेच्या उन्हात चार वळणांतून वायर ओढणाऱ्या पोराचे तळहात मी पाहिले आहेत. लोखंडी पाइप असेल, तर एका सर्किटची फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्यावी. वेगळ्या नेल्या तर पाइप स्वतःच तापतो.

अकोल्याच्या त्या घरात स्लॅब फोडणे शक्य नव्हते. एसीसाठी डीबीपासून माळ्यावरून भिंतीच्या कडेने स्वतंत्र २५ मिमी पाइप नेला, त्यात चारच्या तीन नव्या वायरी ओढल्या आणि एमसीबी २० चा बसवला. गीझरची लाइनही तशीच वेगळ्या पाइपाने बाहेरून फिरवली. स्लॅबमधील जुन्या पाइपात आता दीडच्या पाच नव्या वायरी आहेत, भरण १६ टक्के. काम संपल्यावर घरमालकांना जंक्शन बॉक्सपाशी उभे केले आणि त्यांतील एक वायर हळूच ओढायला सांगितली. तिच्यामागून बाकीच्या चार जागच्या हलल्या नाहीत.