काचेची नळी आणि मशीनचा रिपोर्ट

पुण्यातल्या आमच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात येणाऱ्या इंटर्नना पहिला महिनाभर नाव नसतं. 'शिरवळ', 'परभणी', 'उदगीर' अशी कॉलेजवरूनच हाक पडते. वॉर्डातल्या मामा-मावशींनी पाडलेली ही पद्धत मोडायचा नाद मी केव्हाच सोडलाय. ही गोष्ट 'उदगीर'ची. तिला आता सगळे नावानं ओळखतात, पण इथं ती उदगीरच राहू दे.

आधी थोडं बाहेरच्यांसाठी. व्हेटर्नरीची पदवी साडेपाच वर्षांची, आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचंच. मग पदवीनंतर पुन्हा इंटर्नशिप कशाला, असं मुलांचे आईवडील मला फोन करून विचारतात. कारण साधं आहे. त्या वर्षात हात बसतो तो बहुतेक गाई-म्हशींवर. अडलेली म्हैस सोडवलेली, २०२२च्या लम्पीच्या साथीत वाड्यावस्त्यांवर लस टोचत हिंडलेली पोरं पुण्यात येतात आणि टॉवेलात गुंडाळलेल्या मांजरीसमोर त्यांना घाम फुटतो. अमेरिकेत पदवीनंतरच्या अशा एका वर्षाच्या जागा रीतसर असतात. मुलं अर्ज करतात, दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात आणि त्यावरून कोण कुठं जाणार ते ठरतं. आपल्याकडे ज्या हॉस्पिटलला जसं जमेल तसं ते शिकवतं. काही ठिकाणी 'शिकवणं' म्हणजे स्वस्तातली रात्रपाळी, हेही सांगून टाकते. आम्ही ओपीडी, वॉर्ड, सर्जरी, एक्सरे-सोनोग्राफी आणि रात्रीची इमर्जन्सी अशा पाळ्या फिरवतो, आणि सकाळच्या राउंडला ज्यानं केस घेतली त्यानं ती उभं राहून सांगायची. रडारड होते ती तिथेच.

उदगीर आली ती सामानात काचेच्या टेस्टट्यूबचा एक खोका घेऊन. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तसल्या साध्या नळ्या, सायन्सच्या सामानाच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं आणलेल्या. आमचा लॅबवाला हसला. त्याच्याकडे रंगीत टोपणांच्या नळ्यांचे ट्रे भरलेले, ही काय अडगळ आणली म्हणाला. पण त्याला जे सुचलं नव्हतं ते हिला ठाऊक होतं. सर्पदंशाचा संशय असेल तर पलंगाशेजारी करायची एक जुनी, बिनखर्ची तपासणी आहे. दोनेक मिली रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग एकदा हळूच आडवी करायची. गुठळी जागच्या जागी राहिली तर ठीक. रक्त ओघळलं तर गोठण्याची यंत्रणा कोलमडली आहे, आणि आमच्या भागात त्याचा पहिला संशय घोणशीवर जातो. नळी मात्र काचेचीच लागते, कारण काचेचा स्पर्श झाला की रक्त गोठायला लागतं. साध्या प्लास्टिकला ते जमत नाही. आणि लाल टोपणाच्या प्लास्टिकच्या नळीत रक्त लवकर गोठावं म्हणून आतून सिलिका लावलेली असते, म्हणजे तिथं निकाल उलट्या बाजूनं फसवा येऊ शकतो. नळी नवी हवी, साबणानं धुतलेली चालत नाही. एवढं सगळं तिनं लॅबवाल्याला समजावून सांगितलं आणि खोका इमर्जन्सीच्या कपाटात ठेवला. मला ती तेव्हाच आवडली होती, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

जुलैतली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस. मी आणि आमचे सर्जन आत एका बॉक्सर कुत्रीच्या पायोमेट्राला हात घालून बसलेलो. पू भरलेलं गर्भाशय फुटायच्या बेतात होतं, त्यामुळे दोघांपैकी कुणालाही हलता येत नव्हतं. तेवढ्यात पानशेतकडच्या एका फार्महाउसवरून बंडोपंत आले. बंडोपंत म्हणजे बीगल जातीचा कुत्रा, वजन तेरा किलो, नाक सगळीकडे खुपसण्यात हयात गेलेली. उजवा गाल आणि ओठ टरारून सुजलेले, तोंडातून लाळ. सोबत काका. रिटायर्ड इंजिनिअर, हातात प्लास्टिकची फाइल, त्यात बंडोपंतांच्या जन्मापासूनचे कागद तारीखवार.

काकांचं निदान तयार होतं. आंब्यावर गांधीलमाशांचं पोळं आहे, माशी चावली. वाटेत एका डॉक्टरांनी ॲलर्जीवरचं एव्हिल आणि डेक्सा हे स्टेरॉइड टोचून दिलं होतं. (ॲलर्जी असो, ताप असो, लंगडणं असो, एव्हिल-डेक्सा ठरलेलं. या जोडीनं आमच्या व्यवसायाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं भोंदू वैदूंनीही केलं नसेल.) काकांना आमच्याकडून फक्त सूज उतरायचं औषध हवं होतं, रात्री घरी पाहुणे यायचे होते.

उदगीरनं ओठावरचे केस कापले. दोन दातांच्या खुणा पुस्तकात असतात. खरोखर त्या सुजेत क्वचितच सापडतात. तिला एकच बारीक भोक दिसलं, त्यातून पातळ रक्त पाझरत होतं, पुसलं तरी पुन्हा येत होतं. तिनं पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घेतलं. मानेच्या शिरेला मुद्दाम हात लावला नाही, कारण रक्त गोठत नसेल तर तिथलं भोक थांबता थांबत नाही. नळी उभी केली, मोबाइलवर वीस मिनिटं लावली.

रक्त गोठलं. केस पेपरवर तिनं लिहिलंय, 'गुठळी आहे, पण लेचीपेची.'

"गोठलं ना?" काका म्हणाले. "तुमचीच नळी, तुमचीच वीस मिनिटं. मग आता कशाला थांबायचं?"

तिनं सांगितलं की विष भिनायला वेळ लागतो, पहिली टेस्ट नॉर्मल आली तरी पुन्हा पुन्हा करून बघावी लागते. हे तिनं वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं; शेजारी उभ्या असलेल्या मामांनी नंतर मला त्याची साक्ष दिली. काकांनी बंडोपंतांना उचललं. मामा ऑपरेशन थिएटरच्या दारात येऊन म्हणाले, पेशंट चाललाय. मी आतून म्हटलं, सोडू नका, मी टाके घालून येते.

मी बाहेर आले तेव्हा काका शांतपणे बाकावर बसून पेपर वाचत होते आणि बंडोपंत टेबलावर सलाइनला जोडलेले होते. मला बरं वाटलं. पोरीनं समजावलं वाटतं, म्हटलं.

तासाभरानं दुसरी नळी. यावेळी मी शेजारी उभी होते. तिनं नळी आडवी केली आणि सगळं रक्त काचेवरून ओघळून टोकाला गेलं. गुठळीचा मागमूसही नाही. तोवर मघाच्या इंजेक्शनच्या जागीही मांडीवर जांभळा डाग पसरायला लागला होता.

पुढचं काम आम्हाला येतं. एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं औषध, घोड्याच्या रक्तातून तयार होतं आणि ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. ते आपल्या जिल्ह्यातही, नारायणगावला बनतं. लोक विचारतात, कुत्रा एवढासा, मग डोस कमी का नाही? कारण साप चावताना वजन बघत नाही. माणसाच्या अंगात जेवढं विष सोडेल तेवढंच तेरा किलोच्या बीगलमध्ये सोडतो, आणि औषध विषाच्या हिशेबानं द्यायचं असतं. बाटलीतली पूड विरघळवताना बाटली हलवायची नाही, हातात हळूहळू फिरवायची. जोरात हलवली तर सगळा फेस. आधी ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवायचं, कारण घोड्याच्या प्रथिनांची जोरदार रिॲक्शन येऊ शकते. एरवी रिॲक्शन पहिल्यांदा चेहऱ्यावर दिसते. बंडोपंतांचा चेहरा आधीच सुजलेला, मग बघणार काय? उदगीरनं मला न विचारता त्याच्या पोटावरच्या केसांचा चौकोन कापला आणि ड्रिप चालू असताना त्या उघड्या कातडीवरून नजर हलवली नाही. हे मी तिला शिकवलं नव्हतं. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, म्हशीच्या कासेवर बघतात ना मॅडम, जिथं कातडी दिसते तिथं.

औषध दिल्यावर टेस्ट लगेच करून उपयोग नसतो. रक्त गोठवणारी संपलेली द्रव्यं यकृतानं पुन्हा तयार करायला वेळ लागतो, म्हणून सहा तास थांबायचं. पहाटेच्या नळीत रक्त गोठलं, यावेळी घट्ट. पुढं दोन-तीन दिवस लघवी तांबूस होती, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिॲटिनिन चढलं आणि उतरलं. मूत्रपिंडं वाचली. दरम्यान फार्महाउसवर विटांच्या ढिगात घोणस सापडली, सर्पमित्रानं येऊन नेली. वॉचमनच्या बायकोनं त्या संध्याकाळीच 'कुकरवानी आवाज' ऐकला होता. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

इथं केस संपली असती. राउंडला उदगीरनं ती मांडली तेव्हा टाळ्याही पडल्या.

घरी सोडल्यावर आठवड्याभरानं काका पेढे घेऊन आले, आणि फाइल. "सगळे कागद लागले," ते म्हणाले. "तेवढा तो मशीनचा रिपोर्ट नाही. बिलातही त्याची एंट्री दिसत नाही. तुमच्याकडून राहिली असेल, पैसे घ्या हवं तर, पण कागद द्या."

कसला मशीनचा रिपोर्ट?

मी तिला बोलावलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. त्या रात्री काका निघाले तेव्हा तिनं त्यांना सांगितलं होतं की नळीतली टेस्ट नुसती प्राथमिक आहे, खरा रिपोर्ट मशीनवर लावलाय, दीड तास लागेल, आणि तो आल्याशिवाय सिस्टीम डिस्चार्जच घेत नाही. असं काही मशीन आमच्याकडे नाही. कोपऱ्यातलं जे आहे ते रक्तपेशी मोजतं आणि दोन मिनिटांत मोजून मोकळं होतं. त्यावर तिनं काहीच लावलं नव्हतं.

डॉक्टरच्या सांगण्यावर न थांबणारा माणूस मशीनचं नाव काढताच बाकावर बसला. यात मला काकांचाच राग आला, खरं सांगायचं तर. पण राग बाजूला ठेवून मी त्यांना तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

काकांनी फाइल मिटली. मग तिला विचारलं, "आणि माशीच असती तर?"

"तर तुम्ही दीड तास उगाच बसला असता, काका."

"आणि मला ते कधीच कळलं नसतं."

आवाज चढला नव्हता. पेढे ठेवून गेले. पुढच्या लसीला पुन्हा आमच्याकडेच आले, पण कागद टेबलावरच वाचून मग फाइलला लावतात.

आमच्या सर्जनचं मत एका वाक्यात आटोपतं: कुत्रा जिवंत आहे, विषय संपला. सर्जन मंडळींचे विषय लवकर संपतात. मी तिला म्हटलं, सल्ला नाकारून पेशंट नेत असल्याचा फॉर्म आहे आपल्याकडे, तो पुढं करायचा होतास. सही करायची वेळ आली की निम्मे लोक खाली बसतात. ती म्हणाली, "मॅडम, काकांनी सही केली असती. फॉर्मची झेरॉक्स मागितली असती. आणि नेला असता." हे तंतोतंत खरं आहे, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. "गावाकडं म्हशीवाला थांबतो," असंही म्हणाली, "त्याला परत जायला गाडी नसते. इथं गाडी दारात उभी असते."

तरी मला खुपतं ते असं. ती बरोबर निघाली म्हणून आपण हे कौतुकानं सांगतोय. दर पावसाळ्यात सुजलेल्या तोंडाची कुत्री रांगेनं येतात, त्यातल्या पुष्कळांना खरंच माशी चावलेली असते. आमच्या इंटर्न त्या प्रत्येकाच्या मालकाला नसलेल्या मशीनसमोर बसवायला लागल्या, तर ज्या रात्री आम्ही खरं सांगू त्या रात्री ऐकणार कोण? आणि उलट बाजूनं, तिनं त्या रात्री खरेपणा पाळला असता, तर पाहुणे जेवत असताना बंडोपंत कुठल्यातरी सोफ्यामागं रक्त ओकत मेले असते. दोन्ही मला एकाच वेळी पटतं.

आता हे लिहायचं कारण. तिचं वर्ष संपत आलंय. बंगळुरूच्या एका हॉस्पिटलनं तिच्याबद्दल माझ्याकडे फॉर्म पाठवलाय. 'रात्री इमर्जन्सी एकटीवर सोपवाल का?' याला मी विचार न करता हो लिहिलं. त्याच्या खालचा प्रश्न पशुपालकांशी बोलण्यातल्या सचोटीचा आहे, पाचपैकी गुण द्यायचे आणि दोन ओळी लिहायच्या. आमच्या सर्जननी पाच द्या म्हणून सांगितलंय. मी एकदा तीन लिहून खोडले, एकदा पाच लिहून खोडले, त्यामुळे आता नवा फॉर्म मागवावा लागणार आहे. दोन ओळींत ही केस मावत नाही, आणि अख्खी लिहिली तर पोरीची नोकरी जायची. फॉर्म सोमवारपर्यंत पाठवायचाय. ती त्याबद्दल विचारत नाही, फक्त हल्ली राउंडला माझ्याही आधी येऊन उभी असते.