दारातली ११ मिनिटं

तो दारात आला तेव्हा मी आधीच्या रुग्णाचा केसपेपर उरकत होते. एक पाय आत, मग बाहेर, पुन्हा आत. चौकटीला उजवा हात लावला, मग डावा. मागे रांग खोळंबलेली. माझ्या रेसिडेंट डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं होतं, म्हणून आकडा ठाऊक आहे: दारातून खुर्चीपर्यंत यायला त्याला ११ मिनिटं लागली. ओळख पटू नये म्हणून इथले बाकीचे तपशील थोडे बदललेत, मिनिटं तेवढी खरी आहेत.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. मागच्या दोन फॉलोअपला माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दारात घुटमळतो, ओठ हलतात, आवाजांशी बोलत असावा.' त्या 'असावा'च्या भरवशावर मी क्लोझापीन, म्हणजे त्याचं आवाजांवरचं औषध, ३५० वरून ४०० आणि पुढे ४५० मिलिग्रॅमवर नेलं.

वय २७. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन सात वर्षं झालेली. आधीची दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ देऊनही आवाज हटले नव्हते. अशा वेळी आमच्या हातात क्लोझापीन उरतं, आणि त्याने खरंच फरक पडतो. याचेही आवाज गेले. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी एकदम घसरून काही रुग्ण दगावले, तेव्हापासून या औषधाभोवती भीतीचं कुंपण आहे. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. आमच्या फॉर्मवर पेशींसाठी चौकट आहे, वजनासाठी, साखरेसाठी, बद्धकोष्ठतेसाठी (हसू नका, क्लोझापीनवरची बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते), रात्री उशी भिजवणाऱ्या लाळेसाठीसुद्धा आहे. मंत्रचळासाठी, म्हणजे नको असतानाही तेच विचार येणं आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं (ओसीडी) यासाठी, नाही. क्लोझापीनमुळे मंत्रचळ नव्याने सुरू होऊ शकतो किंवा असलेला वाढू शकतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत असूनही.

त्या दिवशीचा प्रश्न मी विचारला नाही, रेसिडेंटने विचारला. लांबलचक हिस्टरी घेते म्हणून त्याच आठवड्यात मी तिला झापलं होतं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, "तू काही मोजतोयस का?"

तो चपापला. मग म्हणाला, "चार-चार."

"का?"

"चारचे गट पूर्ण नाही झाले तर आईला काहीतरी होईल."

मी सवयीने विचारलं, "असं आवाज सांगतो?"

"नाही मॅडम. आवाज माझे नसायचे. हे माझंच आहे. मूर्खपणा आहे हे कळतं, पण थांबवता येत नाही."

हा फरक मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते, आणि बरा शिकवते असं मला वाटतं. भास की भ्रम की मंत्रचळ, हे ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: 'थांबलास तर काय होईल?' भास असेल तर 'तो ओरडेल' असं उत्तर येतं. भ्रम असेल तर 'ते मला मारतील', आणि त्यात शंकेला जागा नसते. मंत्रचळ असेल तर माणूस आधी ओशाळतो, कारण त्याचं स्वतःलाच पटलेलं नसतं. फळ्यावर हे फार सुबक दिसतं. पण थोड्या वेळाने तोच म्हणाला, "कधी कधी वाटतं, हे चार कुणीतरी ठरवून दिलंय." हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मंत्रचळाची तीव्रता मोजायची १० प्रश्नांची श्रेणी आहे. तिच्यावर त्याला ४० पैकी २६ गुण पडले, म्हणजे तीव्र. दिवसाचे पाच-सहा तास मोजण्यात आणि कडी तपासण्यात जात होते. क्लोझापीन सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यापासून हे चालू होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आवाज येतात का विचारायचात. मी नाही म्हणायचो. खरंच होतं ना ते. आणि सांगितलं तर गोळ्या वाढवाल असं वाटलं."

न सांगताही मी वाढवल्याच होत्या.

पुढचं थोडक्यात. रेसिडेंटने फ्लुवोक्सामिन सुचवलं. मंत्रचळाला ते चालतं, पण क्लोझापीनचा निचरा करणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) ते अडवतं. रक्तातली पातळी कितीतरी पटींनी चढते आणि फिट येऊ शकते. म्हणून ते टाळलं. क्लोझापीन दर पंधरा दिवसांनी २५ मिलिग्रॅमने उतरवत नेलं, सोबत अरिपिप्राझोल हे स्किझोफ्रेनियाचंच दुसरं औषध दिलं, आणि न मोजता बसून राहायचा सराव आमच्या मानसशास्त्रज्ञांकडे सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाले, "आवाज गेलेत ना? मग मोजू दे की." ते वाईट डॉक्टर नाहीत. पण आवाज गेले की आमचं काम झालं, असं मानणारे आम्ही बरेच आहोत.

दहाव्या आठवड्यात डोस पुन्हा ३५० वर आणि गुण १५. दारात दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बसल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं, "एक आवाज परत आलाय. संध्याकाळी. नुसतं नाव घेतो."

आई लगेच म्हणाली, "डॉक्टर, गोळी वाढवा." आवाजांच्या दिवसांत रात्र-रात्र तीच जागली होती. तिला घाबरट म्हणायची माझी हिंमत नाही.

मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आत्ता नको. नावच घेतो ना. मोजायला तर लावत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी ३५० च लिहिलं आणि महिन्याऐवजी आठवड्याने बोलावलं. संध्याकाळी आवाज किती वेळ टिकतो आणि काय म्हणतो, ते दोघांनी वेगवेगळ्या वहीत लिहून आणायचं ठरलं. वेगवेगळ्या वह्या ही त्याची अट. फॉर्मच्या तळाशी रेसिडेंटने पट्टी न घेता पेनाने एक वाकडी चौकट आखली होती, 'मोजणं, धुणं, तपासणं?' तिच्यात मी १५ हा आकडा भरला.

तो मंगळवारी यायचा आहे.