मेंढपाळाचा कुत्रा

आज दुपारभर एकाच चित्रात अडकले होते. इंग्रज चित्रकार एडविन लँडसिअरचं ‘द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर’ (म्हणजे म्हाताऱ्या मेंढपाळासाठी सर्वात जास्त शोक करणारा), १८३७ सालचं. मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे, मी स्क्रीनवर मोठं करून करून पाहिलं.

मेंढपाळाची साधी खोली. मधोमध शवपेटी. कुत्रा छातीने पेटीला चिकटलाय, हनुवटी वर टेकलेली. माणूस एकही नाही. जमिनीवर टोपी आणि काठी, स्टुलावर मिटलेलं बायबल आणि त्यावर चष्मा. आणि पेटीवरची घोंगडी एका बाजूने खाली ओढली गेलीय, कुत्र्याच्या पंजांनी! समीक्षक जॉन रस्किननी हे तेव्हाच हेरलं होतं. हे लक्षात आलं आणि माझा गळाच दाटून आला.

याच लँडसिअरने १८४१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याची लाडकी ग्रेहाउंड कुत्री ‘ईऑस’ रंगवली. तिथेही मालक दिसत नाही, नुसती त्याची हॅट आणि हातमोजे. पण ते हातमोजे घ्यायला मालक परत येणार आहे. इथली काठी आता कोण उचलणार?

लँडसिअर कुत्र्यांना माणसांचे भाव चिकटवतो, अशी टीका होते. काही चित्रांबाबत मला ती पटतेही. इथे मात्र अजिबात नाही. ज्यांनी घरात कुत्रा सांभाळलाय, त्यांना हे असं अंग टाकून बिलगणं बरोब्बर ओळखू येईल.

लंडनमध्ये कुणी असाल तर प्रत्यक्ष बघायला मिळतंय का पाहा, आणि मला नक्की लिहा.