बॅगेटचं वजन: साडेतीनशेचे अडीचशे

लिऑनला आल्यावर नोकरी शोधण्याऐवजी मी पाव बनवण्याचा कोर्स धरला. फ्रान्समध्ये याचं रीतसर सरकारी प्रमाणपत्र असतं, 'कॅप बुलांजे'. फ्रेंच जेमतेम येत होतं, त्यामुळे सुरुवातीला माझ्या वाट्याला बोलायचं नसलेलं काम आलं : पीठ तोलणं.

नेहमीची बॅगेट, म्हणजे लांब काठीसारखा फ्रेंच पाव, भाजून २५० ग्रॅमची. त्यासाठी गोळा तोडायचा ३५० ग्रॅमचा. वरचे शंभर भट्टी खाते, म्हणजे पाणी वाफ होऊन उडतं. बॅगेट लांब आणि बारीक, सगळीकडून कवचच, म्हणून घट जास्त. नुसतं 'पें' म्हणतात तो जाडजूड पाव ४०० ग्रॅमचा, त्याला ५५० चा गोळा. फिसेल नावाची बारीक बॅगेट मात्र सुतळीसारखी, सव्वाशेच्या आसपास.

परीक्षेत ऑर्डरचा कागद हातात देतात आणि हिशेब उलटा करावा लागतो. समजा वीस बॅगेट हव्यात. वीस गुणिले ३५० म्हणजे ७ किलो मळलेलं पीठ. मैदा १०० धरला तर पाणी ६५, मीठ १.८, यीस्ट १, बेरीज १६७.८. भागाकार केला की मैदा निघतो ४ किलो १७० ग्रॅम. शाळेतलं शेकडेवारीचं गणित इथे असं कामाला आलं!

भट्टीतून काढलेली एक बॅगेट मी कुतूहलाने काट्यावर ठेवली. आकडा थांबेचना. कवच तडतडत होतं आणि वजन एकेका ग्रॅमने उतरत होतं. आमच्या शेफबाई म्हणाल्या, "गार होऊ द्या, मग तोला."

गंमत म्हणजे बॅगेटच्या वजनाबद्दल फ्रेंच सरकारच्या १९९३ च्या पावाच्या फर्मानात अवाक्षर नाही. 'त्रादिसियों' म्हणजे पारंपरिक पावात काय घालायचं, काय नाही, असल्या गोष्टी त्यात आहेत. वजन चालतं ते रिवाजाने. पॅरिसच्या सर्वोत्तम बॅगेटच्या स्पर्धेत मात्र काटेकोरपणा असतो : अलीकडच्या नियमांत २५० ते २७० ग्रॅम, लांबी ५० ते ५५ सेंटिमीटर. दुकानातही पाटीवर नगाच्या भावाखाली किलोचा भाव लिहिलेला असतो. गिऱ्हाईक तो क्वचितच वाचतं, मी आता आधी तोच वाचते.

परीक्षा पार पडली. पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, त्यांना सांगते : ओटीजीत पूर्ण लांबीची बॅगेट मावणार नाही. १७५ ग्रॅमचा गोळा घ्या, अर्ध्या लांबीची करा.