गाळलेलं कडवं

सोमवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. दुपारी अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची ती कविता परत वाचली, मृत्यू घोडागाडी घेऊन दारात येतो आणि अगदी अदबीनं तिला बसवून नेतो ती. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका जुन्या संग्रहात पहिल्यांदा वाचलेली, तिथे वर शीर्षक होतं 'द चॅरियट', आणि इतकी वर्षं मी धरून चालले की ते तिनंच दिलंय. तिनं दिलंच नव्हतं. ती कवितांना शीर्षकं देत बसायची नाही फारशी.

मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट गावात १८३० साली जन्म, १८८६ मध्ये गेली तीही तिथेच, शेवटची कितीतरी वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. कविता सुमारे १८००, आणि हयातीत छापून आल्या जेमतेम दहा, त्याही बहुतेक नावाशिवाय. ती गेल्यावर धाकट्या बहिणीला, लॅव्हिनियाला, खोलीत दोऱ्यानं शिवलेल्या ४० छोट्या वह्या आणि सुटे कागद सापडले. हे वाचलं की मला दर वेळी गलबलतं, एवढं लिहून ठेवायचं आणि शिवून ठेवून द्यायचं.

१८९० मध्ये पहिलं पुस्तक निघालं, मेबल लूमिस टॉड आणि थॉमस हिगिन्सन यांनी संपादित केलेलं. हिगिन्सन म्हणजे तोच, ज्याला तिनं १८६२ मध्ये पत्र लिहून विचारलेलं की माझी कविता जिवंत आहे का. या दोघांनी तिनं ओळीओळीत दिलेले डॅश काढले, यमकं नीट बसवली आणि या कवितेतलं चौथं कडवं चक्क गाळून टाकलं! तरी त्यांच्यावर नुसतं चिडता येत नाही, त्यांनी मेहनत घेतली नसती तर ती माझ्यापर्यंत आलीच नसती कदाचित. मूळ रूपाच्या जवळचा सगळा संग्रह यायला १९५५ उजाडलं, थॉमस जॉन्सननं काढलेला.

गाडी शाळेवरून जाते, शेतावरून जाते, मावळत्या सूर्याला मागे टाकते, आणि गाळलेल्या कडव्यात ती स्वतःलाच थांबवून म्हणते की नाही, खरं तर सूर्यच आम्हाला ओलांडून गेला. मग दव पडतं, थंडी वाजायला लागते, कारण अंगावरचे कपडे अगदी झिरझिरीत. म्हणजे तोवर छान फिरायला निघाल्यासारखं वाटत असतं आणि इथे पहिल्यांदा शरीर गार पडतं. आजी गेली तेव्हा मी तिच्या पावलांना हात लावला होता, तो गारवा अजून बोटांत आहे, आणि नेमकं तेच कडवं माझ्या पुस्तकात नव्हतं.

ती हे लिहीत होती त्याच काळात तिथलाच दुसरा कवी वॉल्ट व्हिटमन वॉशिंग्टनच्या हॉस्पिटलांमध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमी पोरांच्या उशाशी बसत होता, त्यांची पत्रं लिहून देत होता. त्याच्या लांबच लांब ओळींत मरणसुद्धा गर्दीत येतं, माणसांच्या मधोमध. हिच्याकडे ते एकटंच दारात येऊन उभं राहतं. मला दोघंही हवेत, पण आज तीच जवळची वाटतेय.

आत्ता तो जुना संग्रह काढून तिसऱ्या कडव्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीनं चौथं कडवं लिहून टाकलं, सगळ्या डॅशसकट. शेवटच्या ओळीनंतरचा पूर्णविरामही खोडला, तिथेही तिचा डॅशच होता.