उधारीची वही आणि उंडवडीचा रस्ता

खरे कारण आधीच सांगून टाकतो. २०२२ च्या आषाढीला मी तुकोबांच्या पालखीबरोबर निघालो तो भक्तीने नव्हे. ऑफसेट यंत्रासाठी काढलेल्या कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांचे फोन दिवसातून पाच-सहा वेळा येत होते. वारीत फोन बंद ठेवला तर त्याला कोणी पळपुटेपणा म्हणणार नाही, एवढाच हिशेब मी केला होता. पिशवीत दोन कपड्यांचे जोड, एक चादर आणि वडिलांचे टाळ होते. यंत्र आदल्याच वर्षी भंगारापेक्षा जरा बऱ्या भावाने गेले होते, पण कर्ज यंत्राबरोबर जात नाही.

सव्वीस वर्षे मी लग्नपत्रिका छापल्या. आमच्या धंद्याचे वर्ष लगीनसराईवर चालते आणि लगीनसराईत अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त मोठा. २०२० साली ती २६ एप्रिलला होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात छापखान्यात कापून, घड्या घालून, शंभराशंभराचे गठ्ठे बांधून ठेवलेल्या पत्रिकांची रास छातीपर्यंत आली होती. चोवीस तारखेच्या मध्यरात्री सगळे बंद झाले. ज्या लग्नाची तारीखच उरली नाही त्या लग्नाच्या पत्रिकेचे पैसे कोण देणार आणि मी तरी कोणत्या तोंडाने मागणार? काहींनी गठ्ठे नेले होते, काहींनी तेही नेले नाहीत. उधारीच्या वहीत त्या एका महिन्याची अडतीस नावे आहेत. त्यानंतर दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, वडील गेले. त्याविषयी एवढेच.

वडील तीस वर्षे ज्या दिंडीतून चालत, त्याच दिंडीत मी भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाची वर्गणी, भरली. देहूच्या गर्दीत विणेकऱ्यांनी मला नखशिखांत पाहिले, हातातले टाळ ओळखले आणि म्हणाले, "अण्णांचा मुलगा ना? मग तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा." ती अण्णांची जागा होती. दोन वर्षे पादुका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या, दिंडी निघालीच नाही. तरी ओळीतली ती जागा कोणी धरली नव्हती. सांत्वनाचा शब्द नाही, चौकशी नाही, थेट जागाच. मला गहिवरून आले, आणि पुढच्याच क्षणी कुणाच्या तरी सामानाची पेटी नडगीवर आपटून ते ओसरले.

आकुर्डी झाली, पुण्यातला मुक्काम झाला. माझ्या डावीकडच्या गृहस्थाचे तोंड ओळखीचे वाटत होते, पण फेटा आणि बुक्का यांमुळे माणूस चटकन ध्यानात येत नाही. निवडुंग्या विठोबाच्या अलीकडे पंगतीत तो समोर बसला तेव्हा एकदम नाव आठवले, आणि नावाबरोबर वहीचे पानही आठवले: पत्रिका पाचशे, आतून सोनेरी छपाई, आगाऊ एक हजार, बाकी चार हजार पाचशे. आमच्याच तालुक्यातला द्राक्षबागाईतदार. थोरल्या मुलीचे लग्न. जेवणे उरकल्यावर रीतीप्रमाणे तो माझ्या पाया पडला. वारीत पाया पडणाऱ्याच्या पाया पडावेच लागते. थकबाकीदाराच्या पायांवर डोके ठेवून "माउली" म्हणण्याचा प्रसंग माझ्या सव्वीस वर्षांच्या धंद्यात आला नव्हता, आणि ते डोके मी पूर्ण टेकवले नाही हे कबूल केले पाहिजे.

त्याने मला ओळखले की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. लोणी काळभोरपर्यंत तो माझ्याशेजारी पावली खेळत होता, माझा टाळ चुकला की कोपराने हळूच ठोसा देऊन ताल दाखवत होता, आणि मी मनात चार हजार पाचशेला बारा टक्क्यांनी व्याज लावत होतो. एकीकडे तोंडाने हरिपाठ चालू होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. नंतर ध्यानात आले की ओळीतल्या निम्म्या लोकांचे असेच काहीतरी चालू असते.

यवतला पिठले-भाकरी नेहमीप्रमाणे पोटभर झाली. वरवंडच्या मुक्कामी रात्री एका महाराजांचे कीर्तन होते. आवाज गोड, पाठांतर दांडगे. निरूपणात ते म्हणाले की संकट ही देवाने घेतलेली परीक्षा असते, सोने तापवल्याखेरीज उजळत नाही, आणि जे होते ते चांगल्यासाठीच होते. हे वाक्य मी दोन वर्षांत नातेवाइकांकडून, बँकेतल्या माणसाकडून आणि यंत्र विकत घेणाऱ्या भंगारवाल्याकडूनही ऐकले होते. भंगारवाल्याच्या बाबतीत तर ते खरेही होते. मी उठून राहुटीत जाऊन पडलो, तर तिथे एकजण असा घोरत होता की कीर्तन परवडले असते.

दुसऱ्या दिवशी उंडवडीची वाट. पाऊस त्या वर्षी जूनभर रुसलेलाच होता. रोटीचा घाट ओलांडल्यावर सावली म्हणून राहिली नाही, रस्त्याच्या कडेला रुंदीकरणाची खडी पडलेली, आणि माझ्या पायात एका शहाण्या मित्राच्या सल्ल्याने घेतलेले नवे बूट. म्हाताऱ्या बायका डोक्यावर तुळस घेऊन झिजलेल्या चपलांनी माझ्यापुढे निघून जात होत्या. उजव्या टाचेवर सकाळीच चुरचुरायला लागले होते. दुपारी दोनच्या सुमारास आत काहीतरी सुटे झाल्यासारखे वाटले, आणि त्यानंतरचे प्रत्येक पाऊल मी मोजून टाकले. ओळ पुढे गेली. मागून दुसरी दिंडी आली, तीही गेली. एक तरुण मोठा कॅमेरा घेऊन आला आणि माझ्या लंगडण्याचे छायाचित्र घेण्यासाठी मला उन्हाच्या बाजूला तोंड करायला सांगू लागला. मी त्याला जे बोललो ते वारीत बोलू नये.

शेवटी एका बाभळीखाली बसलो. बूट काढला तर मोज्यावर रुपयाएवढा ओला डाग. फोड टाचेपासून तळव्यापर्यंत पसरला होता, आणि कातडी टिशू कागदासारखी वर आलेली. बाभळीच्या सावलीत काटे असतात, हेही तेव्हाच कळले.

द्राक्षवाला परत आला होता. ओळ सोडून, पाऊण एक किलोमीटर उलटा चालत. माझ्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "मालक, पाय दावा."

'मालक' म्हणाला. म्हणजे ओळखले होते.

त्याने टोपीच्या घडीतून सुई काढली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, काडी पेटवून सुईचे टोक लाल होईपर्यंत धरले आणि धोतराच्या सोग्याने काजळी पुसली. मग माझी टाच मांडीवर घेतली. मी पाय आखडला, तेव्हा त्याने घोटा असा पकडला जसा जनावराचा खूर पकडतात, बळजोरी न करता पण सुटणार नाही असा. सुई फोडाच्या एका अंगाने घालून दुसऱ्या अंगाने काढली. दुखले नाही. दोरा त्याने आत तसाच ठेवला, दोन्हीकडे बोटभर टोके सोडून तोडला, आणि पाणी त्या दोऱ्यावरून थेंबाथेंबाने उतरू लागले. "कातडं काढायचं न्हाई," तो म्हणाला, "खालचं तयार हुस्तवर वरचं ऱ्हाऊ द्यायचं. आपसूक पडतंय." मग वर खोबरेल तेल लावून धडप्याची पट्टी बांधली. बुटाची टाच त्याने दाबून आत दुमडून टाकली, म्हणजे दीड हजारांच्या बुटाची चप्पल झाली.

हे सगळे करताना तो वर न बघता बोलत होता. त्या एप्रिलला बाग तोडणीला आली होती, व्यापारी आला नाही. निम्मी द्राक्षे वेलीवर सडली, उरलेल्यांचा बेदाणा केला, तोही पडून राहिला. मुलीचे लग्न पुढे जूनमध्ये दारातच झाले, पन्नास माणसांत, चुलत्यांपैकी कोणाला बोलवायचे यावरून भावकीत भांडण लागले ते अजून मिटले नाही. "तुमच्या पत्रिका हायत्या की घरात. वाटल्याच न्हाईत, तारीख चुकीची. मंडळी पाठीवर दुधाचा हिशेब लिवती. धाकटीनं तर बारावीची गणितं केली."

मी विचारले, "सोनेरी शाई उडाली का?"

आता वाटते, की त्या क्षणी विचारण्यासारखे दुसरे पुष्कळ होते. पण तो गंभीरपणे म्हणाला, "जराबी न्हाई. धाकटीचं बोट गणपतीवरनं फिरून फिरून बी न्हाई." आणि मला, टाचेत दोरा घेऊन बाभळीखाली बसलेल्या माणसाला, अतिशय बरे वाटले. पैशांचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.

आम्ही उंडवडीकडे सावकाश चालू लागलो तेव्हा मागच्या एका दिंडीत अभंग लागला होता: 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली.' अण्णांना हा अभंग फार प्रिय होता आणि मला २०२० नंतर तो सहन होत नसे. दिवाळे निघाले ते बरे झाले असे म्हणणाऱ्याचे दिवाळे निघाले नसावे, असे मी एकदा चिडून त्यांना म्हणालोही होतो. ते नुसते हसले होते, कारण तुकोबांचे दुकान बुडाले होते हे मलाही माहीत होते, आणि संतचरित्रकार महिपतींनी लिहिलेली ती कथाही, की धाकट्या भावाबरोबर कर्जखतांची वाटणी करून आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. माझी वही मात्र घरी कपाटात कुलपाखाली होती.

प्रुफे तपासणाऱ्याची नजर छापलेल्या ओळीपेक्षा गळलेल्या ओळीकडे आधी जाते. त्या दिवशी लंगडत ऐकताना मी सवयीने यादी तपासत गेलो. दिवाळे, दुष्काळ, कर्कशा बायको, लोकांतला अपमान, धन, गुरे-ढोरे, या साऱ्यांपुढे 'बरें' लागले आहे. पण त्याच दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, आणि ते त्यांनी दुसऱ्या अभंगात सांगितले आहे: 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' तिथे 'बरें' नाही. त्या अभंगात लाज आहे, त्रास आहे, 'वेवसाय देखे तुटी येतां' असा अगदी आमच्या धंद्यातला शब्द आहे, पण 'बरें' कुठेही नाही. अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. मला मात्र तो मोठा दिलासा होता, कारण वरवंडच्या महाराजांनी सगळे एकाच रकान्यात घातले होते आणि तुकोबांनी घातले नव्हते. शिवाय तुकोबा हे स्वतःच्या नुकसानीविषयी, स्वतःच्या तोंडाने आणि देवाला सांगत आहेत. शेजाऱ्याचे दिवाळे निघाल्यावर त्याच्या दारात जाऊन ते हा अभंग म्हणाले नव्हते. यंत्र गेले, त्याच्याविषयी कधी काळी मी 'बरें' म्हणू शकेन, निदान रात्रपाळी सुटली असे म्हणेन. अण्णांच्या नावापुढे तो शब्द मी लावणार नाही, आणि लावला नाही म्हणून वारी उणी होत नाही.

बारामती, काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे रिंगण, इंदापूर हे सगळे आता एकात एक मिसळले आहे. लख्ख आठवते ते सराटीला टँकरवर पहाटे तीनला झालेले भांडण, ज्यात मी एका सत्तरीच्या वारकऱ्याला बादली मागे घ्यायला लावली आणि काकड्याला त्याच्याच शेजारी उभा राहिलो. अकलूजला रिंगण पाहताना अश्व समोरून गेला तेव्हा शेजारी अण्णा असावेत अशी सवय नसतानाही मान डावीकडे वळली. तिथे द्राक्षवाला होता. तोंडात बडीशेप, डोळे भरलेले. त्याचे कशासाठी भरले होते ते मी विचारले नाही. माझ्या टाचेतला दोरा तोपर्यंत कधी गळून पडला, तेही कळले नव्हते.

वाखरीला सगळ्या पालख्या जमतात, त्या संध्याकाळी राहुटीबाहेर आम्ही दोघे पाय पसरून बसलो होतो. त्याने बऱ्याच वेळाने विषय काढला. धाकटीचे जमते आहे, मुलगा बार्शीकडचा, दिवाळीनंतर उडवून द्यायचा विचार आहे. "पत्रिका तुमच्याकडंच, मालक. मागचं बी त्यातच बघू."

मी म्हणालो, "यंत्र विकलं. आता घरी बसून दुसऱ्यांची प्रुफं तपासतो, मजकूर लावून देतो. छपाई सोलापुरातून करून घ्यावी लागेल."

"मजकूर तुमीच लावणार न्हवं?"

"लावेन."

"मग झालं की." त्याने सुई टोपीच्या घडीत खोचली आणि टोपी डोक्यावर ठेवली. "गणपती त्योच घ्या, सोनेरी. तारीख तेवढी कोरी ठिवा. आमी हातानं लिवू."