उरलेली तीन मुले

आठवीत आमच्या वर्गाचा पट ४३ होता. कवायतीचे सर आम्हाला आठ-आठच्या रांगांत उभे करीत, तेव्हा पाच रांगा भरून तीन मुले उरत आणि हजेरीपटात शेवटचा असल्यामुळे त्या तिघांत मी ठरलेलाच असे. आमची सहावी रांग तोकडी दिसे, पण सरांनी ती कधी मोडली नाही. विज्ञानाच्या बाईंची वाटणी निराळी होती. प्रयोगशाळेत टेबले सहाच असल्याने त्या प्रत्येक टेबलाला सात मुले देत आणि बाकी उरलेल्या एकाला पहिल्या टेबलावर पाठवीत. सरांकडे गटाचा आकार ठरलेला होता, बाईंकडे गटांची संख्या. प्रोग्रामिंगमध्ये यादीचे तुकडे पाडताना हाच प्रश्न आधी विचारावा लागतो, हे मला फार उशिरा कळले.

नोकरीच्या सुरुवातीला ४,२१८ ग्राहकांची बिले शंभर-शंभरच्या गटांनी पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत यादीतले एकेक नाव क्रमाने पुढे देणाऱ्याला ‘इटरेटर’ म्हणतात, आणि दिलेल्या प्रत्येक इटरेटरकडून एकेक नाव घेऊन गट बांधणाऱ्या फंक्शनला ‘झिप’. एकच इटरेटर शंभर वेळा ‘झिप’ला देण्याची एका ओळीची युक्ती मी मोठ्या ऐटीत वापरली. ‘झिप’ मात्र शेवटचा गट पुरा भरला नाही, तर तो कोणतीही चूक न दाखवता गाळून टाकते. त्यामुळे ४२ गट व्यवस्थित गेले आणि १८ जणांची बिले गेलीच नाहीत. एका ग्राहकाने बिल का आले नाही असे विचारले, तेव्हा कुठे ते उघडकीस आले. गटांची संख्या काढतानाही मी नुसता ४,२१८ भागिले १०० करून पूर्णांक घेतला होता, म्हणून पडताळणीतही ४२ च आले. भागण्यापूर्वी त्यात ९९ मिळवले असते, तर ४३ आले असते. (गणितात मला बरे गुण असत, हे येथे सांगू नये हेच उत्तम.)

पुढे २०२३ मध्ये पायथॉनच्या ३.१२ आवृत्तीत ‘बॅच्ड’ हे फंक्शन आले. ते शेवटचा अपुरा गटही जसाच्या तसा हाती देते. तरीही असे कोणतेही फंक्शन वापरण्यापूर्वी मी त्याला ४३ नावांची यादी आणि आठ हा आकार देऊन पाहतो, आणि सहाव्या गटात तीन नावे दिसल्यावरच खरा डेटा त्याच्या हवाली करतो.